पाठीत भरलेली उसण आणि मणक्यांमधील चकती

इंदूरच्या सियागंजात किंवा छावणीच्या धान्यबाजारात पोती उतरविणारा हमाल वाकून उठता उठता एकाएकी जागीच थबकतो. कमरेत तीव्र कळ येते, ताठ उभे राहवत नाही. यालाच उसण भरणे म्हणतात. अशा वेळी पायाळू माणसाचा शोध घेण्याची चाल मराठी घरांतून आहे. जन्मताना ज्याचे पाय प्रथम बाहेर आले त्याने पाठीवर लाथ मारली की उसण जाते, ही समजूत जुनी आहे. लाथेनंतर पुष्कळांना बरे वाटतेही. परंतु त्याचे कारण लाथेत नसून दुखण्याच्या स्वभावात आहे. अशी बहुतेक दुखणी काही दिवसांत वा आठवड्यांत आपोआप ओसरतात.

कण्यातील मणक्यांच्या दरम्यान एकूण 23 चकत्या असतात. चकतीच्या मध्यभागी पाणीदार गर असून त्याभोवती चिवट तंतूंचे 15 ते 25 पदर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे असतात. वयोमानाने गरातील पाणी घटते व पदर कमकुवत होतात. कमरेत वाकून, त्यातच अंग पिळून ओझे उचलले की मागील पदरांवर ताण येऊन त्यांत चीर पडते. पूर्वी धान्याचे पोते एक क्विंटलपर्यंत भरीत असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो सांगितली आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोग रूढ असला तरी चकती मणक्यांना घट्ट जखडलेली असते. ती सरकत नाही, चिरते. चीर आरपार गेल्यास गर बाहेर येऊन पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळास डिवचतो व कळ पोटरीपर्यंत उतरते. हा संबंध बोस्टन येथील मिक्स्टर व बार या शल्यचिकित्सकांनी 1934 साली स्पष्ट केला.

वेदनेचे तंतू प्रामुख्याने बाहेरच्या पदरांतच असल्याने आतील चीर पुष्कळदा दुखतही नाही. कोणताही त्रास नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतील सुमारे 19 टक्के व ऐंशीच्या वयातील 29 टक्के लोकांच्या चकत्यांत चिरा आढळतात. यास्तव एम. आर. आय. चित्रात चीर दिसली एवढ्यावरून घाबरून जाण्याचे किंवा शस्त्रक्रियेस घाई करण्याचे कारण नाही.

चकतीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. म्हणून चीर भरून येण्यास वेळ लागतो. पूर्वी रोग्यास आठवडेच्या आठवडे फळीवर निजवून ठेवीत. त्याने स्नायू दुर्बल होतात असे आढळल्यामुळे आता एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर हळूहळू चालणे, शेक, डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक औषध आणि कळ ओसरल्यावर व्यायाम, असा क्रम सांगितला जातो. रोजंदारीवर पोट असलेल्या माणसास हे अधिक सोयीचेही आहे. रात्रभर निजल्याने चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणसाची उंची सुमारे एक सेंटिमीटरने अधिक भरते ती यामुळेच. फुगलेल्या चकतीवर वाकताना ताण जास्त पडतो. म्हणून उठल्या उठल्या घागर किंवा पोते वाकून उचलू नये.

मात्र काही लक्षणांत तासांचाही विलंब चालत नाही. लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघा व गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणे, पाऊल वर उचलता न येणे, दोन्ही पायांतील बळ जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास रोग्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. ताप, वजन घटणे व रात्री वाढणारी पाठदुखी असल्यास मणक्याच्या क्षयाची शंका घेतली पाहिजे. क्षयाने पोखरलेल्या मणक्यावर पायाळूची लाथ पडल्यास पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका असतो. माळवा व निमाडमधील रोग्यांसाठी इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय हे प्रमुख शासकीय रुग्णालय असून ते 1948 साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. तेथे जाताना आधीचे कागद, क्ष-किरण चित्रे व घेतलेल्या औषधांची नावे बरोबर ठेवावीत आणि कळ कोणत्या पायात, कोठवर जाते हे रोग्याने स्वतः सांगावे.