कवितेचं प्रूफ

धुळ्यात, देवपुरातल्या वाडीभोकर रस्त्यावर डीटीपीच्या दुकानात बसून एका तरुण कवीच्या पहिल्या संग्रहाची प्रुफं तपासत होतो. कवी मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहितो. मजकूर श्रीलिपी फॉन्टमध्ये घेताना रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात. त्या चुका लगेच सापडतात. खरं काम त्यापुढचं. गद्यात ओळ कुठेही मोडली तरी चालतं. कवितेत मात्र पानाच्या रुंदीत मावला नाही म्हणून एखादा शब्द खाली उतरला, तर वाचणारा नको तिथे थांबतो. मग टाइप अर्ध्या पॉइंटानं बारीक करायचा, की उतरलेला शब्द आत सरकवायचा? यात पंधरा मिनिटं जातात. जावीतच.

बाविसाव्या पानावर ‘कथा’ शब्दापाशी अडलो. कवितेत गोष्टीचा काही संबंध नव्हता. समासात प्रश्नचिन्ह केलं आणि कवीला फोन लावला.

“सर, ते अहिराणी आहे. कथा म्हणजे कुठे.”

‘कथा चालना भाऊ?’ हे तर पांझरा नदीच्या पुलावर रोज कानावर पडतं! पण छापलेलं दिसलं की माझे डोळे पुस्तकी मराठीच शोधतात. प्रश्नचिन्ह खोडलं, शब्दाखाली ठिपके दिले: आहे तसंच राहू द्या.

अशा वेळी पुरुषोत्तम पाटील हटकून आठवतात. मराठीचे प्राध्यापक, स्वतः कवी; ‘तळ्यातल्या सावल्या’ आणि ‘परिदान’ हे त्यांचे संग्रह. 1985 साली त्यांनी धुळ्यातून ‘कविता-रती’ सुरू केलं, कविता आणि कवितेची समीक्षा एवढ्यालाच वाहिलेलं द्वैमासिक. मुंबई-पुण्याचा आधार न घेता जिल्ह्याच्या गावातून ते तीन दशकं चालवलं. जानेवारी 2017 मध्ये ते गेले. संपादनापायी स्वतःची कविता मागे पडली असेल, अशी हळहळ काही जणांना वाटते. मला ती पटत नाही. वर्गात शिकवायची कविता छापून, नावाजून झालेली असते. नवख्याची कविता टपालातून येते तेव्हा तिच्यामागे कुणीच उभं नसतं. तिला आधी कुणीतरी नीट वाचावं लागतं, आणि ते वाचन कविता लिहिण्याइतकंच मोलाचं आहे.

तेविसाव्या पानावरच्या कवितेची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर गेली होती.

“सर, एकच ओळ आहे. फॉन्ट कमी करू?” डीटीपी करणाऱ्या मुलानं विचारलं.

“नको. तिच्या आधीची ओळही पुढे घ्या.”

त्यानं घेतली आणि नवीन प्रिंट काढली.