वजनकाट्यावरचं सॅलड

एक वाडगा, एक फेरी, ठरलेले पैसे. चीनमधल्या पिझ्झा हटच्या सॅलड बारचा नियम एवढाच होता. गिऱ्हाइकांनी त्यावर डोकं लढवलं. वाडग्याच्या काठावर गाजराच्या कांड्या थोड्या बाहेर काढून बसवायच्या, त्यांच्यावर काकडीच्या चकत्या विटांसारख्या सांधेमोड करत चढवायच्या, मधे घट्ट ड्रेसिंगने दरजा भरायच्या आणि आतल्या पोकळीत फळं ठासायची. मूळ वाडग्यापेक्षा कितीतरी उंच मनोरे टेबलांपर्यंत तोल सांभाळत जाऊ लागले. त्यांच्या सचित्र कृती इंटरनेटवर फिरू लागल्या आणि अखेर 2009 मध्ये कंपनीने तिथले सॅलड बार बंद केले.

हे मनोरे टिकायचे त्यामागे खरं विज्ञान होतं. मेयोनेजसारखं ड्रेसिंग म्हणजे पाण्यात तेलाचे असंख्य बारीक थेंब दाटीने कोंबलेले. अशा पदार्थावर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी जोर पडला, तर तो घन वस्तूसारखा जागेवर बसून राहतो. जोर वाढला की वाहू लागतो. चमच्याने पसरतं ते ड्रेसिंग दोन चकत्यांमध्ये मात्र धरून ठेवतं, ते यामुळे.

ठरलेल्या पैशांत वाडगा भरून मिळत असेल, तर मर्यादा जागेची असते. अमेरिकेतल्या बऱ्याच सुपरमार्केटांत आणि काही उपाहारगृहांत हिशोब निराळा असतो. तिथे सॅलड पौंडावर, म्हणजे 454 ग्रॅमच्या मापाने विकलं जातं. पालक असो, काकडी असो, भाजलेलं चिकन असो, बहुतेक ठिकाणी दर एकच. डबा भरायचा, काट्यावर ठेवायचा, रिकाम्या डब्याचं वजन वजा होऊन पावती येते. इथे मर्यादा वजनाची, आणि भाजीत वजन कशाचं असतं? मुख्यतः पाण्याचं.

काकडीत सुमारे 95 टक्के पाणी असतं. टोमॅटोत जवळपास तेवढंच, आइसबर्ग लेट्यूसमध्येही तेच. सोयीसाठी दर पौंडाला 10 डॉलर धरला, तर 100 ग्रॅमला साधारण 2 डॉलर 20 सेंट पडतात. त्या पैशांत काकडी घेतली, तर हाती जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम प्रथिनं लागतात. शिजवलेले काबुली चणे घेतले तर सुमारे 9 ग्रॅम, उकडलेलं अंडं घेतलं तर साडेबारा, आणि चिकनचा छातीकडचा भाग घेतला तर तीसच्या आसपास. दर एकच, माल मात्र कित्येक पटींनी वेगळा.

पालकाची गंमत औरच आहे. त्यातही 91 टक्के पाणी असतं, पण पानं इतकी हलकी की दोन कप भरून घेतली तरी वजन 60 ग्रॅमच्या आतबाहेर. वाडगा भरलेला दिसतो, काटा फारसा हलत नाही. फक्त पानं धुतल्यावर नीट निथळलेली हवीत. चिमट्यात धरून दोनदा झटकली तर अंगावरचं पाणी ट्रेमध्येच राहतं. नाहीतर त्याचेही दहा डॉलर पौंडाने पैसे पडतात.

म्हणून काकडी टाकाऊ ठरते का? मुळीच नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या बार्बरा रोल्स यांनी भूक आणि पाणीदार अन्न यांच्या नात्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात पास्त्याच्या आधी मोठी वाटी भरून, पण फक्त 100 कॅलरींचं सॅलड खायला दिलं, तेव्हा संपूर्ण जेवणातल्या कॅलरी 12 टक्क्यांनी घटल्या. त्याच सॅलडवर चीज आणि तेलकट ड्रेसिंग भरपूर घातलं, तेव्हा त्या उलट वाढल्या. म्हणजे काकडीतलं पाणी पोटात जाऊन काम करतं. ते फक्त सॅलड बारच्या दराने घेऊ नये. अख्खी काकडी भाजीच्या रांगेत कितीतरी स्वस्त मिळते आणि चिरायला मिनिटभर लागतं.

उलट काही जिन्नस घरी आणले की अंगावर येतात. एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला पुलावासाठी मूठभर ब्रोकोली, चार तुकडे सेलरी आणि भोपळी मिरचीच्या दोन रंगांच्या फोडी हव्या असतात. बाजारातून प्रत्येकाची जुडी किंवा पाकीट आणायचं, तर निम्मं फ्रिजच्या खणात लिबलिबीत होऊन कचऱ्यात जातं. अमेरिकेतल्या एकूण अन्नापैकी 30 ते 40 टक्के वाया जातं, असा तिथल्या कृषी खात्याचा अंदाज आहे. अशा वेळी सॅलड बारवरून नेमकं 150 ग्रॅम चिरलेलं उचलणं खरोखर परवडतं. तिथे शिकायला गेलेल्या मराठी मुलांनी हा मार्ग अवश्य अवलंबावा.

आता ड्रेसिंगकडे वळू. काटकसर आणि वजन, दोन्हीच्या धाकाने बरेच जण ते टाळतात किंवा बिनतेलाचं घेतात. इथे नुकसान होतं. आयोवा स्टेट विद्यापीठात वेंडी व्हाइट यांच्या गटाने 2004 मध्ये दाखवलं की पालक, टोमॅटो, गाजर असलेल्या सॅलडवर बिनतेलाचं ड्रेसिंग घातलं, तर त्यातली कॅरोटिनॉइडं ही पोषक रंगद्रव्यं रक्तात जवळपास उतरतच नाहीत. ही द्रव्यं स्निग्धात विरघळणारी. सोबत तेल नसेल तर आतड्यातून तशीच पुढे निघून जातात. पर्ड्यू विद्यापीठातल्या 2015 च्या अभ्यासात सॅलडबरोबर अंडी खाल्ल्यावर हे शोषण कित्येक पटींनी वाढलं. पिवळ्या बलकातली चरबी कामी आली. गाजराच्या कोशिंबिरीवर तेलाची फोडणी ओतणाऱ्या आणि काकडीत दाण्याचं कूट कालवणाऱ्या आपल्या आज्यांच्या हाताला हे गणित आधीच अवगत होतं, याचा मनापासून अभिमान वाटतो.

या साऱ्याची बेरीज काट्यावर करून पाहावी. पहिल्या डब्यात 150 ग्रॅम काकडी, 100 ग्रॅम टोमॅटो, 100 ग्रॅम आइसबर्ग आणि वर 60 ग्रॅम रँच ड्रेसिंग. एकूण 410 ग्रॅम, सुमारे 9 डॉलर, आणि प्रथिनं 4 ग्रॅमही नाहीत. दुसऱ्या डब्यात 60 ग्रॅम पालक, 100 ग्रॅम काबुली चणे, एक उकडलेलं अंडं, 40 ग्रॅम भोपळी मिरची आणि 10 ग्रॅम लाल भोपळ्याच्या बिया. एकूण 260 ग्रॅम, पावणेसहा डॉलरच्या आत, प्रथिनं 20 ग्रॅमच्या घरात. बिया आणि बलक असल्यामुळे थोडी चरबीही आलीच.

सॅलड बारची थोडी काळजीही घ्यावी लागते. अन्नावर दिसणारा काचेचा आडोसा 1959 च्या पेटंटमधून आला. जॉनी गार्नो या अमेरिकी उपाहारगृहचालकाने तो शिंका-खोकल्यापासून अन्न वाचवायला बनवला. पानं ताजी दिसावीत म्हणून पूर्वी त्यांवर सल्फाइटं फवारली जात, त्यांनी दम्याच्या रुग्णांचे जीव घेतले, आणि 1986 मध्ये कच्च्या भाज्या-फळांवर तिथे त्यांच्या वापराला बंदी आली. आज पाहायचं ते तापमान: गार पदार्थ 5 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली हवेत. ट्रे बर्फात नीट रुतलेला नसेल, अंड्याच्या फोडी कोमट लागत असतील, तर तो जिन्नस सोडून पुढे जावं.

उद्याच्या दुपारसाठी डबा नेणार असाल, तर ड्रेसिंग वेगळ्या छोट्या डबीत भरा. ड्रेसिंगमधलं मीठ लागलं की पानांच्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ घालताच पाणी सुटतं, तेच. घरी पोचताच डबा फ्रिजमध्ये ठेवा, ती डबी डब्याच्याच कोपऱ्यात बसते, आणि ड्रेसिंग जेवायला बसल्यावर घाला.