रशियन भाषेची परीक्षा द्यायची आहे? करमाडमधून तयारी कशी करायची

जालना रस्त्यावरचं करमाड शेंद्रा औद्योगिक वसाहतीच्या शेजारी आहे. या भागातला एखादा विद्यार्थी अकरावीत रशियन भाषा घ्यायची म्हणाला, तर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'शिकवणार कोण?' प्रश्न रास्त आहे. पण याच जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं जपानी शिकत असल्याची बातमी 2020 मध्ये देशभर गाजली होती. रोबोटिक्सची आवड म्हणून मुलांनीच ती भाषा निवडली होती आणि लॉकडाऊनमध्ये तिचे तास ऑनलाइन झाले. म्हणजे गाव लहान असणं ही मोठी अडचण नाही. खरी अडचण वेगळीच आहे.

आधी परीक्षेची चौकशी

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीला दुसरी भाषा म्हणून परदेशी भाषा घेता येते आणि त्यांत रशियनही आहे. सीबीएसईच्या यादीतही हा विषय आहे. दोन्हीकडे साधारण 80 गुण लेखी परीक्षेचे, तर 20 गुण तोंडी किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. हे 20 गुण शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालयच देतं. त्यामुळे शिकवणी बाहेर लावली, तरी आपलं महाविद्यालय हा विषय देतं का आणि तोंडी परीक्षा कोण घेणार, हे प्रवेश घेतानाच विचारून घ्यावं. परीक्षेचा अर्ज भरायच्या वेळी हे कळलं, तर वर्ष वाया जाण्याची भीती असते.

महाविद्यालयात सोय नसेल, तर रशियाची 'टोर्फल' ही स्वतंत्र परीक्षा आहे. तिच्या अगदी प्राथमिक पातळीला सुमारे 780 शब्द लागतात, त्यापुढच्या पातळीला 1300. वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं आणि व्याकरण असे तिचे पाच भाग असतात. मात्र बारावीच्या गुणपत्रिकेत ती विषय म्हणून धरली जात नाही.

लिपीला दोन आठवडे द्या

रशियन लिपीत 33 अक्षरं आहेत. नवी अक्षरं लवकर बसतात, फसवतात ती ओळखीची वाटणारी. इंग्रजी 'पी'सारखं दिसणारं अक्षर 'र' असतं, 'एच'सारखं 'न', 'बी'सारखं 'व' आणि 'सी'सारखं 'स'. त्यामुळे 'रेस्तरान' हा शब्द इंग्रजीच्या सवयीने 'पेक्टोपाह' असा वाचला जातो. हाताने लिहिताना आणखी एक फरक पडतो. लहान 'त' हे अक्षर चक्क इंग्रजी 'एम'सारखं दिसतं. लेखी परीक्षा हातानेच द्यायची असते, म्हणून छापील अक्षरांवर न थांबता रोज अर्धं पान लिहावं.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून टाळावी, ती म्हणजे शब्द देवनागरीत लिहून पाठ करण्याची. दुधाला 'मलाको' म्हणतात, पण लिहितात 'मोलोको'. आघात नसलेला 'ओ' साधारण 'अ' असा उच्चारला जातो. जो फक्त कानाने पाठ करतो, तो शुद्धलेखनात गुण गमावतो.

मराठीचा फायदा कुठे होतो?

रशियनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत. हिंदी किंवा इंग्रजीतून शिकणाऱ्याला नपुंसकलिंग समजावून सांगावं लागतं, मराठी मुलाला नाही. पण शब्दाचं लिंग मराठीवरून ठरवू नये. आपलं 'पुस्तक' नपुंसकलिंगी आहे, तर रशियन 'क्नीगा' स्त्रीलिंगी. तिथे लिंग बहुतेक वेळा शब्दाच्या शेवटावरून कळतं.

वाक्यरचनाही ओळखीची वाटते. 'माझ्याकडे पुस्तक आहे' हे रशियनमध्ये 'उ मिन्या येस्त क्नीगा', म्हणजे जवळपास तसंच. 'मला आवडतं' याला 'म्न्ये न्राव्हित्सा' म्हणतात आणि त्यातही 'मला'च येतं. 'द्वा', 'त्री', 'ब्रात' हे शब्द ऐकले, की संस्कृतमधले द्वि, त्रि आणि भ्राता आठवतात.

गुण कुठे जातात?

सर्वांत जास्त गुण विभक्तीत जातात. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत आणि प्रत्यय लिंग-वचनाप्रमाणे बदलतात. 'क्नीगा' म्हणजे पुस्तक. 'पुस्तक वाचतो' म्हणताना त्याचं 'क्नीगु' होतं, 'पुस्तक नाही' म्हणताना 'क्नीगी'. तक्ता घोकण्यापेक्षा प्रत्येक विभक्तीची पाच वाक्यं तोंडपाठ करणं जास्त उपयोगी ठरतं.

दुसरी अडचण क्रियापदांची. 'वाचत होतो' आणि 'वाचून काढलं' यांतल्या फरकासाठी तिथे दोन वेगळी क्रियापदं असतात, 'चितात' आणि 'प्रचितात'. वहीत ती नेहमी जोडीनेच लिहावीत.

मदत कुठे मिळेल?

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, रशियन शिकवली जाते. मुंबईत पेडर रोडवर रशियन सांस्कृतिक केंद्र आहे. रोज जाणं शक्य नसलं, तरी आठवड्यातून दोनदा ऑनलाइन तास आणि रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचन एवढं करता येतं. तोंडी परीक्षेसाठी स्वतःची ओळख, कुटुंब, शाळा आणि गाव यांवर प्रत्येकी आठ-दहा वाक्यं तयार ठेवावीत.

एवढं करून मिळतं काय?

महाराष्ट्रातून अनेक मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जातात. भारतात पुढे परवाना हवा असेल, तर तिथलं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेलं असावं, असा 2021 चा नियम आहे. पण रुग्णालयातला रुग्ण आपलं दुखणं रशियनमध्येच सांगतो. बारावीला ही भाषा शिकलेल्या मुलाला ते निदान अनोळखी वाटत नाही.