आधी माप, मग मोल

वऱ्हाडातील व्यापाऱ्याला मापाचे महत्त्व सांगावे लागत नाही. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात कापसाची प्रत आणि वजन पाहिल्यावाचून भाव ठरत नाही. घरात स्तवने आणि जुन्या तबकड्या ऐकण्यासाठी व्हॉल्व्हचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आला, की मात्र त्याच्या जोडीचा प्रीअ‍ॅम्प केवळ किंमत पाहून निवडला जातो. मग मोठा खर्च होऊनही डग्ग्याचा खर्ज पोकळ वाटतो, नाहीतर दोन ओळींमधल्या शांततेत खरखर ऐकू येते.

व्हॉल्व्ह वऱ्हाडाला नवे नाहीत. १९४८ साली आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले, तेव्हा घरोघरीचे रेडिओ व्हॉल्व्हचेच होते. कळ दाबल्यावर ते तापेपर्यंत थांबावे लागे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्याच तत्त्वावरचा आजचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर हलवण्याची शक्ती देतो. प्रीअ‍ॅम्प त्याच्या आधी बसतो. कोणते यंत्र ऐकायचे ते निवडणे, आवाज कमीजास्त करणे आणि क्षीण संकेत वाढवणे, ही त्याची कामे.

जोडी जुळवताना पहिले माप इम्पीडन्सचे, म्हणजे विद्युत्-अवरोधाचे. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या किमान दहापट असावा. एक लाख ओमच्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे हजार ओमचा प्रीअ‍ॅम्प निर्धास्त चालतो. पाच हजारांचा प्रीअ‍ॅम्प दहा हजारांना जोडला, तर एक तृतीयांश व्होल्टेज वाटेतच जाते. व्हॉल्व्हच्या प्रीअ‍ॅम्पमधला शेवटचा कपॅसिटर लहान असेल, तर अशा जोडीत खर्जही पातळ होतो.

दुसरे माप आवाजवाढीचे. सीडी प्लेअर सुमारे दोन व्होल्ट देतो आणि अनेक पॉवर अ‍ॅम्प्लिफायरना पूर्ण आवाजासाठी एक-दीड व्होल्ट पुरतो. मध्ये दहापट वाढवणारा प्रीअ‍ॅम्प ठेवला, की बटण जेमतेम हलवताच घर दणाणते आणि वाढते ती खरखर. फक्त सीडी ऐकणाऱ्या घराला बहुधा साधे आवाज-नियंत्रण आणि आखूड तारा पुरतात. तबकड्यांची गोष्ट वेगळी. पिनेतून येणारा संकेत काही सहस्रांश व्होल्टचाच असतो. त्यासाठी फोनो-विभाग असलेला प्रीअ‍ॅम्प खरोखरच लागतो.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी दोन्ही यंत्रांच्या माहितीपत्रकांतले हे आकडे शेजारी शेजारी लिहून काढावेत. शक्य असल्यास आपल्याच स्पीकरवर, ओळखीची तबकडी लावून, जोडी ऐकून पाहावी.

वापरातही शिस्त हवी. सुरू करताना आधी प्रीअ‍ॅम्प, थोड्या वेळाने पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना उलट क्रम. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कधीच चालवू नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो. आत शेकडो व्होल्ट खेळतात आणि बंद केल्यावरही काही काळ साठून राहतात. म्हणून झाकण जाणत्या कारागिरानेच उघडावे.

ईएल-३४ जातीच्या चार व्हॉल्व्हचे तंतू तापवायलाच सुमारे अडतीस वॅट लागतात. वैशाखात पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा यंत्राभोवती मोकळी हवा हवीच. पावसाळ्यात प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही. दिव्याकडे झेपावणारे किडे तापलेल्या काचेवर जळतात. बारीक जाळीचे आवरण घालावे, ते हवेला अडवत नाही ना हे पाहावे, आणि चातुर्मासात श्रवण दिवसा उरकावे. मुलांचे हातही त्या जाळीने वाचतात. यतना म्हणतात ती हीच.

परिग्रह-परिमाण व्रतात वस्तू निषिद्ध नसते. तिला मर्यादा असते. दोन आकडे पडताळल्यावर कधी योग्य प्रीअ‍ॅम्प सापडतो, तर कधी तो घेण्याची गरजच नव्हती असे कळते. दोन्ही वेळी व्यवहार नफ्याचाच ठरतो, आणि आजोबांच्या तबकडीवरचा आवाज नातवंडांपर्यंत स्वच्छ पोहोचतो.