पाण्याखालचा श्वास

नांदेडला गोदावरी आहे, लातूरच्या रानात विहिरी आहेत. समुद्र मात्र दोहोंपासून शेकडो किलोमीटर दूर. तेथील मुले पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीतच पोहावयास शिकत आली. (२०१६ साली तर लातूरला पिण्याचे पाणी आगगाडीने आणावे लागले, त्या उन्हाळ्यात विहिरीत उडी कोण मारणार!) अशी मुले मालवणला गेली, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा समुद्रतळ पाहण्याचा मोह त्यांना होतो.

विहिरीत बुडी मारणारा श्वास रोखतो. दम संपला की वर येतो. समुद्रात उतरणारा हवा बरोबर नेतो. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कूस्तो व एमिल गान्यां ह्यांनी असे यंत्र सिद्ध केले, की पाठीवरच्या टाकीतील हवा भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने तोंडाशी यावी.

दर १० मीटर खोलीस दाब एका वातावरणाने वाढतो. कानांचे पडदे आत दबतात. म्हणून नाक चिमटीत धरून हळूच फुंकावे, दुखल्यास थोडे वर सरकावे. विहिरीतली एक सवय मात्र येथे घातक ठरते. १० मीटरांवर छातीत घेतलेली हवा पृष्ठभागाशी येईतो दुप्पट जागा मागते. श्वास कोंडून वर येणाऱ्याचे फुप्फुस फाटू शकते. विहिरीतल्या पोराने हवा वरूनच घेतलेली असते, ती वर येताना केवळ पूर्ववत होते. म्हणून टाकी लावणाऱ्याने श्वासोच्छ्वास क्षणभरही थांबवू नये.

नवशिक्याला प्रशिक्षक हाती धरून थोड्याच खोलीवर नेतो. तेथे सारे बोलणे खुणांचे. अंगठा व तर्जनीचे वर्तुळ म्हणजे 'ठीक'. उंचावलेला अंगठा म्हणजे 'वर चला'. आनंदाच्या भरात अंगठा दाखविणारा मुलगा मासे धड पाहण्यापूर्वीच नावेत परततो!