लहरींच्या मागावर – भाग ९ : पत्र्याच्या डब्यातला कान

गेल्या भागात रबरी अँटेनाची चिरफाड केली. त्यावर दोन पत्रं आली आणि दोघांचं गाऱ्हाणं एकच निघालं. पहिलं कोल्हापुरातून, हॅमचा म्हणजे हौशी रेडिओचा परवाना नुकताच हाती पडलेल्या एका मुलाचं. हँडी, म्हणजे हातात मावणारा संच, नवी कोरी; गच्चीवर रिपीटर (सिग्नल झेलून पुढे पाठवणारं केंद्र) खणखणीत. गाडीत बसून दार लावलं की नुसती खरखर. दुसरं न्यू जर्सीहून, एका निवृत्त गृहस्थांचं. त्यांच्याकडे हातात धरायचा स्कॅनर आहे. तिथल्या हवामान खात्याच्या १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सूचना घरात नीट ऐकू येतात, मुलाच्या गाडीत मात्र तुटत तुटत. दोघांनीही शेवटी विचारलंय : संच बदलू का?

नका बदलू. संचाचं काही बिघडलेलं नाही, तो बसलाय तेवढा चुकीच्या जागी.

गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, हे सगळेच सांगतात. पण डब्याला काचा आहेत ना, मग लहर त्यातून का येत नाही? येते, पण सगळ्या काचांतून सारखी येत नाही. कोल्हापूरकरांचा पट्टा १४५ मेगाहर्ट्झचा. तिथे एक लहर साधारण दोन मीटर सात सेंटिमीटर लांब, म्हणजे अर्धी लहर मीटरभराची. रिपीटरची अँटेना उभी असते, त्यामुळे तिची लहरही वर-खाली डोलत येते. अशा लहरीला आत शिरायला भोक उंच असून भागत नाही, ते आडवं रुंद लागतं, निदान अर्ध्या लहरीएवढं. दाराची काच पाऊण मीटरच्या आसपास, म्हणजे तिथे अडलं. पुढची काच सव्वा मीटर किंवा थोडी जास्त, म्हणजे तिथून वाट मिळाली. आणि आपण हँडी कुठे ठेवतो? गिअरशेजारच्या त्या पेला ठेवायच्या खळग्यात, काचेच्या रेषेच्याही खाली!

फास्टॅगचं उदाहरण घ्या. तो ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, लहर जेमतेम पस्तीस सेंटिमीटर, आणि तो चिकटवतो आपण पुढच्याच काचेवर. एवढ्या आखूड लहरीला ती काच म्हणजे सताड उघडं दार. तरीसुद्धा उष्णता परतवणारा धातूचा मुलामा असलेल्या काचेवर टॅग वाचताना अडखळतो. म्हणूनच अशा काचांवर आरशापाशी मुलामा नसलेला एक तुकडा मुद्दाम सोडलेला असतो. जुन्या गाड्यांवरच्या चकचकीत धातूच्या फिल्मचीही तीच गत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली ती गुन्हेगारीच्या चिंतेने, पण त्या दिवशी काही हॅम मंडळींनी मनातल्या मनात पेढे वाटले असतील.

मी स्वतः एका रविवारी मोकळ्या मैदानाकडेला गाडी उभी करून हे करून पाहिलं. एक ठरलेला रिपीटर, तीच हँडी, तीच रबरी अँटेना. खळग्यात ठेवली तर सिग्नलच्या पट्टीवरची एकच रेघ, तीही लुकलुकणारी. डॅशबोर्डवर काचेजवळ उभी केली तर तीन. मग हातात घेतली तर चार! ही चौथी कुठून आली ते गेल्या भागात सांगितलंय : रबरी अँटेना ही अर्धीच अँटेना, तिचा दुसरा अर्धा भाग म्हणजे संचाची बॉडी आणि धरणाऱ्याचा हात. हँडी कुठेतरी टेकवून ठेवली की तो हात गेला. त्याला फुकटातला उपाय म्हणजे टायगर टेल. एकोणपन्नास-पन्नास सेंटिमीटरची साधी वायर, एक टोक अँटेनाच्या सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला घट्ट लावायचं, बाकीची खाली लोंबू द्यायची. दिसायला गबाळं, पण काम चोख. वायर सॉकेटच्या मधल्या टोकाला मात्र टेकू देऊ नका.

खरा उपाय अर्थात छतावर. चुंबकाच्या बुडाची अँटेना, आमच्यात मॅगमाउंट म्हणतात ती. ती छताच्या मधोमध ठेवली की काठी चारी बाजूंच्या पत्र्याला आपला दुसरा अर्धा भाग बनवते. चुंबक आणि पत्रा यांच्यात रंगाचा थर असला तरी फिकीर नाही, या वारंवारतेला तेवढा थर सहज ओलांडता येतो. काठी पाव लहरीची, म्हणजे पन्नास सेंटिमीटरच्या आत-बाहेर, आणि पत्राही सर्व बाजूंनी तेवढा मिळाला तर उत्तम. आपल्या छोट्या गाड्यांच्या छताची रुंदी याला जेमतेम पुरते. काठी मागे डिकीच्या कडेवर सरकवलीत तर चालेल, पण एका दिशेला कान जास्त लागेल. गंमत अशी की हीच काठी ४३५ मेगाहर्ट्झवर पाऊण लहरीची होते आणि तिथेही बऱ्यापैकी चालते. न्यू जर्सीकरांनी मात्र सेंटिमीटर मोजत बसायची गरज नाही. ऐकायचंच आहे, प्रक्षेपण करायचं नाही. काठी चार बोटं कमी-जास्त झाली तर कानाला कळत नाही. प्रक्षेपण करणाऱ्याने मात्र ती मोजूनच कापावी.

चुंबक ठेवण्याआधी छत पुसा. खाली राहिलेला वाळूचा एक कण चुंबकाखाली महिनाभर फिरला की कायमचा ओरखडा. काचेचं लांबरुंद सनरूफ असेल तर चुंबक चिकटणारच नाही, उरलेल्या पत्र्याच्या पट्टीवर भागवावं लागतं. केबल तीन मीटरची असते; बारीक असली तरी तेवढ्यात अर्धा-एक डेसिबलच जातो, तो जाऊ द्या. डब्यात बसून त्याच्या कितीतरी पट घालवत होतात.

आता खरी जपायची जागा. हँडीचं सॉकेट, ते एसएमए नावाचं करंगळीच्या नखाएवढं. त्यावर ॲडॅप्टर, ॲडॅप्टरवर केबलचं जाड तोंड, आणि वरून गाडीचे धक्के. माझ्या पहिल्या हँडीचं सॉकेट असंच खंबाटकीच्या अलीकडे एका गतिरोधकावर निखळलं. मध्ये वीतभर लवचिक केबलचा तुकडा असता तर सगळा ताण त्याने घेतला असता. शिवाय काही चिनी हँडींवर एसएमएचं नर-मादी उलटं असतं. दुकानात जाताना हँडीच खिशात घालून न्या, वर्णन करत बसू नका.

इतकं केलं, पट्टी भरली. आणि तरी ऐकू येत नाही! हे पत्र पुढच्या आठवड्यात येणार, म्हणून आत्ताच सांगतो. छतावरच्या काठीला सगळंच ऐकू येतं. शेजारचा एफएम मनोरा, मोबाइलचे टॉवर, सगळे एकदम घुसतात आणि स्वस्त संचाचं पुढचं दालन गुदमरतं. पट्टी भरलेली, आवाज मात्र चिरडलेला. शहरातून जाताना असं झालं तर अँटेना आणि संच यांच्यामध्ये एफएम अडवणारा, म्हणजे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ गाळणारा फिल्टर लावावा. निव्वळ ऐकणाऱ्याला अटेन्यूएटरही चालतो, म्हणजे कान थोडा झाकायचा. प्रक्षेपण करणाऱ्याने असला लहानसा फिल्टर किंवा अटेन्यूएटर मध्ये ठेवून बटण दाबलं, तर तो जळतो.

दुसरा चोर गाडीच्या आतच बसलेला असतो. सिगारेटच्या सॉकेटमधला तो स्वस्त मोबाइल चार्जर आणि आजकाल डॅशकॅम. दोघांच्याही पोटात वीज सतत चालू-बंद करणारं सर्किट असतं आणि ते १४५ च्या आसपास छान खरखरतं. शोधायची रीत : स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय, उघडून नुसतं फुसफुसणं ऐकू नका. एफएममध्ये ते फुसफुसणं तसंही तेवढंच जोरात असतं, त्यावरून काही कळत नाही. लांबचा, मरतुकडा सिग्नल लावा. मग एकेक वस्तू उपटत जा. चार्जर काढला आणि पलीकडचा माणूस अचानक शेजारी येऊन बसल्यासारखा बोलू लागला, की चोर सापडला. चार्जर हवाच असेल तर त्याच्या वायरवर फेराइटचा तुकडा अडकवा. हँडी शक्यतो तिच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवा, पण ऊन लागणाऱ्या डॅशबोर्डवर ती विसरू नका. लिथियम बॅटरीला ती भट्टी सोसत नाही.

चालत्या गाडीत आवाज फडफडतो, त्याला इलाज नाही. डोंगर, इमारती यांवरून परतलेल्या लहरी मूळ लहरीत मिसळून दर मीटरभरावर एक खड्डा तयार होतो. ताशी साठच्या वेगाने तुम्ही सेकंदाला सोळाएक खड्डे ओलांडता. सिग्नलला थांबलात आणि रिपीटर गायब झाला, तर गाडी हातभर पुढे घ्या, तो परत येतो. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू द्या.

न्यू जर्सीकरांसाठी एक वेगळी मेख. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पोलीस, अग्निशमन आता ७००-८०० मेगाहर्ट्झच्या डिजिटल जाळ्यावर गेलेत आणि अनेक मनोरे एकच गोष्ट एकाच वेळी बोलतात. ती वेगवेगळ्या अंतरांवरून किंचित मागेपुढे पोचते आणि साध्या स्कॅनरला अक्षरं लागत नाहीत. इथे छतावरची मोठी काठी उलट जास्त मनोरे ऐकवून घोळ वाढवू शकते. कधी कधी तीच रबरी अँटेना एका खिडकीशी धरून एकाच मनोऱ्याकडे कान लावणं जमून जातं. २०१८ साली आलेला युनिडेनचा एसडीएस१०० हा स्कॅनर मुख्यतः याच दुखण्यावरचा. म्हणजे संच बदलायची वेळ त्यांच्यावर आलीच, तर ती इथे येईल, हवामानाच्या सूचनांसाठी नाही. आणि काका, नदी ओलांडून न्यूयॉर्कला जाताना जरा बघून : तिथे पोलिसांच्या वारंवारता ऐकू शकणारा संच गाडीत बसवायला परवानगी लागते, हॅम परवानाधारकाला सवलत आहे. आपल्याकडे तर हॅमचा संच परवान्याशिवाय बाळगताच येत नाही, हे कोल्हापूरकरांना माहीत आहेच.

राहिली केबल आत घ्यायची वाट. पुढच्या दाराच्या रबरात चेपू नका, रोज उघडझाप होऊन महिन्यात केबल चपटी होते. मागच्या दाराचं किंवा डिकीचं रबर बरं. आणि आत शिरण्याआधी केबलला बाहेरच खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत त्या झोळातून टपकेल. हा झोळ मी दिला नव्हता. जुलैच्या एका सकाळी मागच्या सीटवर आमच्या सौ. बसल्या आणि लगेच उठल्या.