जुन्या होडीला मोटर पाहावी कशी?

दिवाळी आली की कोकणातल्या खाड्यांना निराळीच शोभा येते. पावसाळ्यातला गढूळपणा निवळलेला असतो, समुद्रही शांत झालेला असतो आणि मुंबई-पुण्याची मंडळी पोराबाळांसह गावच्या घरी उतरलेली असतात. परसाच्या टोकाला, माडाच्या झावळ्यांखाली, आजोबांच्या वेळची होडी उपडी घातलेली असते. “यंदा हिला पाण्यात घालायचीच,” असे कोणीतरी म्हणतो. लाकूड ठणठणीत निघते; मागे लावायची मोटर मात्र गंजून आखडलेली असते. नव्या मोटरची किंमत ऐकली की घरातले कर्ते पुरुष चष्मा काढून पुसू लागतात. तेवढ्यात शेजारच्या वाडीतून निरोप येतो, “एक जुनी मोटर विकाऊ आहे. अगदी नव्यासारखी!”

वाचकहो, या ‘नव्यासारखी’ शब्दापाशी क्षणभर थांबावे. रस्त्यात मोटारगाडी बंद पडली तर चार माणसे धक्का मारतात. बाणकोटच्या किंवा दाभोळच्या खाडीच्या मुखाशी, ओहोटीच्या ओढीत होडीची मोटर बंद पडली, तर धक्का मारायला कोणी येत नाही. होडी समुद्राकडे चालू लागते. होडीत बायकामुले असतात. तेव्हा ही खरेदी पैशांपुरती नाही, हे प्रथमच मनाशी बांधून ठेवावे.

होडीच्या मागे टांगायची ही मोटर नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड या अमेरिकन कारागिराने १९०९ साली बाजारात आणून लोकप्रिय केली. इंजिन, दांडा आणि पंखा असा सगळा संसार एकाच नगात. दोन स्क्रू आवळले की मोटर बसली, सैल केले की निघाली. हीच तिची सोय, आणि हाच गिऱ्हाइकाचा धोका! जी वस्तू इतकी सहज काढता येते, ती हातोहात फिरतेही. आणि तिने मागल्या घरी काय भोगले, हे तिच्या रंगावरून कळत नाही.

आधी होडी, मग मोटर

बहुतेकजण मोटर पाहायला निघतात आणि होडी मोजायची विसरतात. मोटर ज्या उभ्या फळीवर टांगतात, ती होडीची मागची फळी आधी तपासावी. लाकडी मुठीने ती ठिकठिकाणी ठोकून पाहावी. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, किंवा टोचणीचे टोक सहज आत गेले, तर लाकूड कुजले आहे. अशा फळीला आधी सुतार हवा, मोटर नंतर.

मग त्या फळीची उंची मध्यभागी मोजावी, वरच्या कडेपासून तळापर्यंत. मोटरींचे दांडे ठराविक लांबीचे येतात: आखूड सुमारे १५ इंच, लांब सुमारे २० इंच. पंख्याच्या वर एक आडवी पाती असते. ती होडीच्या तळाच्या रेषेत, किंवा किंचित खाली यावी. दांडा आखूड पडला तर लाटेवर पंखा हवेत फिरतो, इंजिन सैरावैरा पळते आणि थंडाव्याचे पाणीही ओढले जात नाही. लांब पडला तर वाळूच्या दांड्यावर पहिला ठोका पंख्यालाच. फळी १५ इंची आणि मोटर २० इंची असेल, तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

तिसरी गोष्ट वजनाची. पूर्वीच्या होड्या टू-स्ट्रोक मोटरींच्या हिशेबाने बांधलेल्या असत. १५ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक मोटर साधारण ३६ ते ४० किलो भरते. तेवढ्याच ताकदीची फोर-स्ट्रोक ५० किलोच्या आसपास जाते. फोर-स्ट्रोक इंधन कमी पिते आणि धूरही कमी सोडते, हे खरे; पण मागे दहा-बारा किलो वाढले आणि त्यात मोटर चालवणारे काका भारदस्त असले, तर होडीचे शेपूट पाण्यात बसते आणि नाळ वर उठते.

ताकदीचा मोह

“आठ कशाला, पंचवीसच घेऊ या!” असे म्हणणारा एक तरी उत्साही भाचा प्रत्येक घरात असतो. त्याला थोडे गणित सांगावे. पाणी कापत जाणाऱ्या जड लाकडी होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्यातली लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि १.३४ ने गुणावे. उत्तर नॉटमध्ये येते. १६ फुटी होडीला वर्गमूळ ४, म्हणून वेग सुमारे ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटर. त्यापुढे कितीही ताकद लावली तरी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायची धडपड करते आणि पेट्रोल तेवढे जळते. माणसांसकट टनभर भरणाऱ्या अशा होडीला ५ ते ८ अश्वशक्ती पुरते. मात्र खाडीच्या मुखाशी जायचे असेल तर यातली मोठी घ्यावी. ओहोटीचा ओढ ३ नॉट असला, तर ५ नॉटने धावणाऱ्या होडीच्या पदरात २ नॉटच उरतात. तेवढे हक्काचे हवेत.

परीक्षा

मोटर पाहायला जाताना शक्य तर ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, आणि ती थंड असतानाच पाहावी. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल, तर “थंड होऊ द्या, आम्ही चहा घेऊन येतो,” असे हसून सांगावे. सकाळी पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू होणारी मोटर खरी.

झाकण काढून दोन्ही सिलिंडरांचा दाब गेजने मोजावा. आकडा किती, यापेक्षा दोन्ही आकडे जवळजवळ आहेत ना, हे पाहावे. १० टक्क्यांहून अधिक फरक असेल तर आत काहीतरी झिजले आहे. मग खालच्या गिअरचा स्क्रू सैल करून थोडे ऑईल बोटावर घ्यावे. दुधाळ निघाले तर आत पाणी शिरते आहे. चमकणारे कण निघाले तर दाते झिजताहेत. पंखा हाताने सावकाश फिरवावा आणि त्याचा दांडा डुलतो का, हे पाहावे.

मोटर कोरडी कधीही चालवू देऊ नये. पाण्याच्या पिंपात बुडवूनच चालवावी आणि मागून पाण्याची धार पडते का, इकडे लक्ष ठेवावे. धार नसेल तर ताबडतोब बंद. पंपातला रबरी पंखा स्वस्तात बदलता येतो. पण आतल्या वाटा मिठाने बुजल्या असतील तर काम वाढले. “वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुता का?” एवढा प्रश्न विचारावा. उत्तर द्यायला वेळ लागला, की काय ते समजावे.

इंधन आणि कागद

केरळच्या किनाऱ्यावर पेट्रोलवर सुरू करून केरोसीनवर चालवायच्या मोटरी कोळी बांधव वापरतात. अशी मोटर फिरत फिरत इकडे आली असेल, तर घरगुती वापराला ती त्रासाची. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात ऑईल मिसळावे लागते. ५० ला १ असे प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर. जुन्या काही मोटरींना याहून जास्त लागते, म्हणून माहितीपुस्तक मागून घ्यावे. आपल्याकडे २०२५ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते. ते ओलावा ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. नळ्या बदलाव्या, आणि हंगाम संपल्यावर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे.

सुट्या भागांची चौकशी पैसे देण्याआधी करावी. एव्हिनरूडच्या नावाच्या मोटरींचे उत्पादनच २०२० साली थांबले. ज्या कंपनीची मोटर आपल्या बंदरातले कोळी वापरतात तीच घ्यावी. तिचे सामानही जवळ मिळते आणि मिस्त्रीही. मोटरीवरच्या पट्टीवरील क्रमांक पावतीत लिहून घ्यावा. पट्टी खरवडलेली असेल, तर किंमत कितीही कमी असो, नमस्कार करून निघावे. होडीतून उतारू न्यायचे असतील, तर मोटर बदलण्यापूर्वी बंदराच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

एवढे सगळे जमले तरी पहिल्या दिवशी खाडीच्या मुखाकडे जाऊ नये. भरती चढत असताना आतल्या अंगाला तासभर फिरावे; काही बिघडलेच तर पाणी तुम्हाला गावाकडे आणून सोडील. होडीत दोन वल्ही, दोरासकट नांगर आणि माणशी एक जीवरक्षक जाकीट असावे. लहान मुलांना त्यांच्याच मापाचे द्यावे. मोठ्यांचे जाकीट पोराच्या गळ्यातून निसटते. वल्ही कशी मारायची हे सुट्टीतच एखाद्या जाणत्या नाखव्याकडून शिकून घ्यावे. मोटर जुनी असो की नवी, हे शिकणे वाया जात नाही.